धुराच्या घरात क जीवनसत्त्वाची गोळी : एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी आठवड्यातून दोन दिवस बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहारसल्ला द्यायला बसते. हे प्रकरण तिथलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वयं आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

घर जुन्या पद्धतीचं. पुढं सोपा, आत माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, मग परडं आणि परड्याच्या टोकाला गोठा. माणसं पाच. आजोबांना सगळे आबा म्हणतात. वय ६६, विडी चाळीस वर्षांची, दिवसाला एक बंडल, पाहुणे आले की दीड. आजी. मुलगा एमआयडीसीत पाळीवर जाणारा, स्वतः कसलंही व्यसन नसलेला. सून २९ वर्षांची, घरीच ब्लाऊज शिवणारी. आणि दुसरीतला नातू, वय सात. नातू रात्री आबांजवळ सोप्यातच झोपायचा, कारण गोष्ट ऐकल्याशिवाय त्याला झोप येत नसे. आबांची शेवटची विडी गोष्ट संपल्यावर, तिथंच उशाशी.

पोराला दोन हिवाळे रात्रीचा कोरडा खोकला आणि छातीत घरघर होती. डॉक्टरांनी बालदमा सांगून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा पंप सुरू केला होता.

अडचण

नोव्हेंबर २०२३ मध्ये सून माझ्याकडे आली ती पोराच्या पोटाची तक्रार घेऊन. दोन महिने पोट दुखतंय, शी पातळ होतेय, जेवण कमी झालंय. बोलता बोलता तिनं पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या, ५०० मिलिग्रॅमच्या. सकाळी एक, रात्री एक. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत तिनं ऐकलं होतं की घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाकीच्यांनी व्हिटॅमिन सी घ्यावं, म्हणजे धूर अंगाला लागत नाही.

आणि पंप? तो तिनं पंधरा दिवसांतच बंद केला होता. शेजारणीनं सांगितलं होतं की पंपाची सवय लागते. गोळी गोड, पोर मागून खायचं, शिवाय ती ‘औषध नाही, जीवनसत्त्व’ होती.

म्हणजे पोटदुखीचं कारण समोरच होतं. सात वर्षांच्या मुलाला आपल्याकडच्या शिफारशीनुसार दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व पुरतं. त्याला १००० जात होतं. अमेरिकेच्या तक्त्यात ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी वरची मर्यादा ६५० ची आहे. आतड्यात न शोषलेलं जीवनसत्त्व पाणी ओढतं आणि जुलाब होतात.

मी विचारलं, आबांना बाहेर जाऊन ओढायला कुणी सांगितलं का? ती हसली. म्हणाली, “मामांना कोण सांगणार, मॅडम?”

आहार विचारला तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. परड्यात पेरूचं झाड आहे, नोव्हेंबरात लगडलेलं. पोराला त्यातला एकही पेरू मिळत नव्हता. पेरूनं खोकला होतो. लिंबू, संत्रं, आवळा, चिंच, दही सगळंच बंद, कारण थंड आणि आंबट. खोकला वाढला तशी बंदीची यादी वाढली. राहिलं काय, तर भात, आमटी, बिस्किटं आणि चहा. क जीवनसत्त्वाचं झाड दारात, आणि गोळ्या मेडिकलमधून.

व्हिडिओ किती खरा, किती खोटा

सून काही अगदीच चुकीचं ऐकून आली नव्हती. ‘हे सगळं थोतांड आहे’ असं म्हणणं मला सोपं होतं, पण खरं नव्हतं.

विडीच्या जळत्या टोकातून सुटणारा धूर आणि ओढणाऱ्यानं बाहेर सोडलेला धूर मिळून जो धूर खोलीत साठतो, त्यात हजारो रसायनं असतात. त्यांतली काही पेशींमधल्या चरबीवर, प्रथिनांवर, डीएनएवर गंजासारखी चढतात. क जीवनसत्त्व फुफ्फुसाच्या आतल्या पातळ द्रवात आणि रक्तात असतं. ते स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन हा हल्ला थोपवतं. त्यात ते खर्च होतं. थोडं परत घडवलं जातं, उरलेलं अन्नातून भरून काढावं लागतं. विडी न ओढणाऱ्या पण धुरात राहणाऱ्या माणसांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी सापडतं, आणि अमेरिकेतल्या पाहण्यांत मुलांमध्येही, आहारातला फरक हिशेबात धरूनसुद्धा, तेच दिसलं आहे.

एक चाचणीही झालेली आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांच्या कामात धुरात वावरणाऱ्या ६७ निर्व्यसनी प्रौढांना घेतलं होतं. दोन महिने रोज साधारण ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या रक्तात चरबीवरच्या या ‘गंजा’ची खूण सुमारे ११ टक्क्यांनी खाली आली. व्हिडिओचा उगम बहुधा असल्याच एखाद्या कामात असावा.

पण त्या चाचणीत खाली आला तो रक्तातला एक आकडा. माणसं प्रौढ होती. खोकला, दमा, हृदयविकार, कर्करोग यांतलं काही कमी झालं का, हे तिथं मोजलंच नव्हतं. निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड, श्वासनळी चिडवणारे बारीक कण यांना क जीवनसत्त्व हात लावत नाही. सात वर्षांच्या मुलाची श्वासनळी आकसते ती या कणांनी आणि चिडवणाऱ्या वायूंनी.

अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २००० मध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी रोज ३५ मिलिग्रॅम जादा सांगितले. धुरात राहणाऱ्यांसाठी वेगळा आकडा दिला नाही, नेहमीची शिफारस न चुकता पुरी करा एवढंच म्हटलं. ३५ मिलिग्रॅम म्हणजे पेरूच्या दोन फोडी. रोजचे हजार मिलिग्रॅम कुठून आले, ते गोळी विकणाऱ्यांना विचारायला हवं. रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की प्रौढांचं रक्त जवळपास भरतं, त्यापुढचं बरंचसं लघवीवाटे जातं.

‘जीवनसत्त्वच आहे, जादा झालं तर काय बिघडतं’ यावर मी लोकांना फिनलंडची गोष्ट सांगते. तिथं २९ हजार धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं त्या बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग घटेल अशी अपेक्षा होती, तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जीवनसत्त्व वेगळं, माणसं वेगळी, मान्य. पण गोळीच्या बाबतीत ‘काय बिघडतं’ हे गृहीत धरू नये, इतकं त्यातून घ्यायला हरकत नाही.

समोरचे पर्याय

डॉक्टर आणि मी दुपारी चहाला बसून यावर बोललो.

गोळी ताबडतोब बंद करून पंप पुन्हा सुरू करायचा, हे तर होतंच. पण गोळी बंद कशी करायची, यावर आमचं एकमत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पट्ट्या कचऱ्यात टाकायला सांगा. मला ते पटेना. त्या घरात सुनेला कुणालाही न विचारता करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोळी देणं. आबांना बोलता येत नाही, झोपायची जागा बदलता येत नाही, माहेरी किती दिवस जाणार? ती हातातून काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर ती दुसऱ्या व्हिडिओकडे वळेल.

तपासणीचा पर्याय निघाला. लघवीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिन शरीरात मोडून बनणारं द्रव्य, मोजलं की पोराच्या अंगात किती धूर जातो ते आकड्यात दिसतं. पण नमुना पुण्याला पाठवावा लागला असता, खर्च होता, आणि तो कागद घरात गेला की आबांवरचं आरोपपत्र ठरला असता. रक्तातलं क जीवनसत्त्व मोजण्यालाही अर्थ नव्हता. हजार मिलिग्रॅम चघळणाऱ्या पोराचं ते भरलेलंच असणार. दोन्ही सोडून दिलं.

खिडकी उघडी ठेवणं, पंखा लावणं, आबांनी दाराशी बसून ओढणं यावर बोलायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट आहे की या धुराची कुठलीही मात्रा निर्धोक नाही, आणि खोली हवेशीर केल्यानं प्रश्न सुटत नाही.

आबांची विडी सोडवणं हा सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत लांबचा पर्याय होता. विडी घराबाहेर नेणं त्याच्या अलीकडचा.

काय केलं

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. सुनेचं मन राखायला मी म्हटलं, दोन गोळ्यांऐवजी अर्धी द्या, आठवड्यानं बंद करू. त्या आठवड्यात तिनं घरी सांगितलं, “मॅडमनीच गोळी लिहून दिली.” आबा निर्धास्त झाले. नवराही म्हणाला, आता डॉक्टरकडूनच आहे, मग काळजी नाही. गोळीनं सात दिवसांत आमच्या सहीनं विडीला परवानगी मिळवून दिली. पुढच्या भेटीत ती पूर्ण थांबवली, पण ते आधीच करायला हवं होतं.

बदली म्हणून पेरू दिला. सुनेला तक्ता दाखवला: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व आहे. आवळ्यात जुन्या तक्त्यांत ६००, नव्यात २५० च्या आसपास. आकडे नमुन्यावर बदलतात, पण अर्धा पेरू पोराला पुरून उरतो. खोकल्याची भीती होती म्हणून ‘दुपारी, उन्हात, अर्धाच, आठ दिवस करून बघा’ असं ठरलं. वरणावर लिंबू पिळायचं ते ताटात, उकळत्या आमटीत नाही, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व नासतं. आठ दिवसांत पेरूनं काही झालं नाही. त्यानंतर सुनेनं स्वतःच कोशिंबीर सुरू केली.

पंपाचं काम डॉक्टरांनी केलं. सवय लागते म्हणजे काय, यावर त्यांनी तिच्याशी वीस मिनिटं घालवली. गर्दीच्या दवाखान्यात वीस मिनिटं म्हणजे पुष्कळ.

राहिले आबा. त्यांना बोलावणं सुनेच्या तोंडून गेलं असतं तर घरात आठवडाभर अबोला झाला असता. म्हणून डॉक्टरांनी मुलाला फोन केला: पोराला दाखवायला या वेळी आजोबांना घेऊन या, पंप कसा द्यायचा ते त्यांनाच शिकवायचंय, रात्री तेच जवळ असतात. आबा धोतर-टोपीत आले. विडीचा विषय आम्ही काढला नाही. स्पेसर कसा धरायचा ते दाखवलं, त्यांनी नीट शिकून घेतलं. मग मी एक काम सांगितलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, ज्या रात्री पोर खोकून उठेल त्या तारखेला फुली मारायची.

पंधरा दिवसांनी ते पान घेऊन आले. पंधरात अकरा फुल्या. म्हणाले, “एवढं खोकतंय व्हय हे? आमाला वाटायचं कधीमधी.” थोडं थांबून, डॉक्टरांकडे न बघता, “माज्यामुळं हाय का?” डॉक्टर म्हणाले, “दमा तुमच्यामुळं आलाय असं मी म्हणणार नाही. पण रात्रीचा खोकला धुरानं वाढतो.” डिसेंबरच्या मध्यापासून आबांची विडी गोठ्यात गेली. पोराची झोप सोप्यातच राहिली, गोष्टही राहिली. विडी ओढून आल्यावर घोंगडी बदलून, चूळ भरून, अर्ध्या तासानं पोराजवळ यायचं, हेही ठरलं. कपड्यांना आणि श्वासाला राहिलेला धूर पुरता जात नाही, पण कमी होतो.

शुक्रवारच्या फुल्या

जानेवारीत आठवड्याला दोनच फुल्या राहिल्या होत्या. आम्ही खूश होतो. पण त्या दोन काही जाईनात, आणि त्या जवळजवळ दर आठवड्याला शुक्रवारी आणि शनिवारी पडत होत्या. हे मी बघितलं नाही, आबांनी दाखवलं.

शुक्रवारी घरात काय असतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पोरानंच सांगितलं, “आजी मिशेरी भाजती की. ठसका लागतो.”

मिशेरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली दात घासायची पूड. गुरुवार गावच्या बाजाराचा. आजी तंबाखू आणायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर चूल तापलेलीच असते म्हणून, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायच्या. पोर तिथंच पाटावर अभ्यासाला बसलेलं. ज्यांनी कधी मिशेरीचा तवा जवळून पाहिलाय त्यांना तो धूर सांगायला नको. डोळ्यांतून पाणी येतं, शेजारचे दार लावून घेतात.

दवाखान्याच्या फॉर्मवर आमचा प्रश्न होता, ‘घरात कोणी धूम्रपान करते का?’ आजी धूम्रपान करत नव्हत्या. दात घासत होत्या. उत्तर खरं होतं, प्रश्न चुकीचा होता. मी स्वतः कराडजवळच्या घरात वाढले, माझी आजीही भाजायची, आणि तरीही मला सुचलं नाही.

आजी सुरुवातीला चिडल्या. “उगड्यावर भाजलं तर आळी बोंब मारंल.” शेवटी परड्यात, पोर शाळेत असताना, तीन दगडांची चूल मांडून भाजायचं ठरलं. मिशेरी सोडायला त्या तयार नव्हत्या. डॉक्टरांनी तोंड तपासून घ्यायला सांगितलं, त्याला मात्र त्या गेल्या.

निकाल

फेब्रुवारीच्या पानावर महिन्याभरात चार फुल्या होत्या, मार्चच्या पानावर तीन. पोटदुखी गोळी थांबवल्यावर दहा दिवसांतच गेली होती. शाळा फारशी बुडत नव्हती.

यात कशाचा वाटा किती, ते सांगता येत नाही. पंप नियमित झाला, विडी बाहेर गेली, तवा बाहेर गेला, खाणं सुधारलं, थंडीही सरली. पेरूनं दमा बरा झाला असं कुणी म्हणू लागलं तर मी अडवेन. माझा अंदाज विचाराल तर पंप आणि धूर हटणं हे दोन मोठे, पेरूचा वाटा बारीक. शुक्रवारच्या फुल्या तवा हलवल्यावर लगेच थांबल्या, तेवढा एक दुवा मला पुरेसा स्वच्छ वाटतो.

आबांनी फेब्रुवारीच्या अखेरीस विडी सोडायचाही प्रयत्न केला. सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत मदतवाहिनी आहे, तो नंबर दिला होता. “फोनवर कुणाला सांगू मी माजं?” म्हणून त्यांनी तो लावला नाही. दवाखान्यातून निकोटिनचा च्युइंगम नेला, २३ दिवस काढले आणि गावच्या जत्रेत पुन्हा पेटवली. आता दिवसाला सात-आठ, गोठ्यात.

वेगळं काय करता आलं असतं

अर्ध्या गोळीची तडजोड मी पुन्हा करणार नाही. ती दयाळूपणाची होती, पण घरातल्या इतरांनी तिचा काय अर्थ लावला ते मी विचारात घेतलं नव्हतं. पेरू पहिल्याच दिवशी देता आला असता, गोळी त्याच दिवशी थांबवता आली असती.

फॉर्म बदलला आहे. आता विचारतो, ‘घरात तंबाखू कुठे, केव्हा, कोण जाळतं किंवा भाजतं? चूल, धूप, डासांची कॉइल?’ पहिल्या दोन महिन्यांत आणखी तीन घरांत मिशेरीचा तवा सापडला.

आबांना उशिरा बोलावलं. अवघड माणूस म्हणून आम्ही त्यांना शेवटी ठेवलं, आणि फुल्यांचा मेळ शेवटी त्यांनीच लावला. डॉक्टरांचं मत याहून वेगळं आहे. त्यांना वाटतं की पंप सुरू होऊन पोर थोडं सुधारल्याशिवाय आबांनी ऐकलं नसतं. असेलही.

आणि मुलाला, म्हणजे पोराच्या बापाला, आम्ही फक्त फोन करायला वापरलं. स्वतःच्या वडिलांशी बोलायची त्याची जबाबदारी आम्ही डॉक्टरांच्या डोक्यावर घेतली. सुनेच्या वाट्याला आलेलं ओझं निम्मं त्याचं होतं.

जूनमध्ये पोर तिसरीत गेल्यावर तपासणीला आलं, आबांचा हात धरून. तोपर्यंत त्याला माझ्याकडून क जीवनसत्त्वाची बरीच माहिती झाली होती. त्यानं विचारलं, “मॅडम, आबा आता गोठ्यात ओढत्यात. म्हशीला धूर लागत नाय व्हय? तिला कुठं पेरू देतो आपण?” मी सांगितलं की म्हैस आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते, माणसाला ते जमत नाही, म्हणून आपल्याला पेरू लागतो. “पण धूर लागतो ना?” लागतो, म्हटलं.

आबा स्पेसर पिशवीत घालत होते. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. पुढची तारीख ऑगस्टची दिली आहे.